बिनतारी विद्युत्-प्रभारण : नागपूरच्या उपकरणावरून काही ऐतिहासिक विचार

तारेच्या प्रत्यक्ष जोडणीवाचून एका वेटोळ्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले. चालत्या आगगाडीस या प्रवर्तनाने शक्ती पुरविण्याच्या योजनेसाठी ह्यूतँ व लब्लाँ या फ्रेंच अभियंत्यांनी १८९४ मध्ये अमेरिकेत एकस्वही मिळविले. तेव्हा कल्पना नवी नव्हे. मग तिला शतकभर का तिष्ठावे लागले, याचे उत्तर शोधताना नागपूरशी निगडित अशा एका उपकरणाचे आकडे फार उपयोगी पडतात.

तिरुवनंतपुरमचे सी-डॅक आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून सिद्ध केलेल्या बिनतारी वाहन-प्रभारकाचे तंत्रज्ञान २०२५ साली बेलराइज या उद्योगसंस्थेकडे सुपूर्त झाले. शक्ती दीड किलोवॉट, वेटोळ्यांतील अंतर १२.५ सेंटिमीटर, कंप्रता ८८ किलोहर्ट्‌झ व कार्यक्षमता जास्तीत जास्त ८९.४ टक्के, अशी त्याची प्रसिद्ध मोजमापे आहेत. ४८ व्होल्टची घटमाला ३० अँपिअर प्रवाहाने सुमारे तीन तासांत ९० टक्के भरते.

यातील प्रत्येक आकडा एकेका मर्यादेची खूण होय. अंतर वेटोळ्याच्या आकाराइतके होऊ लागले की दोहोंतील युग्मन झपाट्याने ढासळते. म्हणून गाडीच्या तळाखालील वीतभर जागेपलीकडे जाण्याचा हव्यास येथे नाही. अशा दुर्बळ युग्मनातून पुरेसा विद्युत्-दाब मिळवावयाचा तर घरगुती ५० हर्ट्‌झचा प्रवाह निरुपयोगी. कंप्रता सतराशेहून अधिक पटींनी वाढवावी लागते. येथे ते काम सिलिकॉन कार्बाइडचे ट्रान्झिस्टर करतात. ह्यूतँ-लब्लाँच्या काळी फिरत्या जनित्रावाचून दुसरा उपाय नव्हता. दीर्घ विलंबाचे मुख्य कारण, माझ्या मते, हेच.

उरली गळती. ८९.४ टक्क्यांचा हिशेब धरल्यास तीन तासांत सुमारे अर्धे युनिट उष्णतारूपाने वाया जाते. अर्थात तारेचा प्रभारकही काही शक्ती गमावतोच. परंतु वेटोळी एकमेकांसमोर नीट न आल्यास बिनतारी पद्धतीतील तूट आणखी वाढते.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ या मोटारीस (१९९६) वल्ह्याच्या आकाराचे प्रवर्तनी साधन होते. ते हातानेच खाचेत बसवावे लागे. उघडा धातू नसल्याने पावसात धोका नव्हता, हा गुण खरा. पण श्रम वाचले नाहीत, आणि २००१ साली कॅलिफोर्नियाने स्पर्शजोडणीच मान्य केली. याउलट इटलीतील तोरिनो शहरात ठरलेल्या थांब्यांवर प्रवर्तनाने प्रभारित होणाऱ्या बसगाड्या २००३ च्या सुमारास धावू लागल्या. वाहन तेथे पुनःपुन्हा त्याच जागी उभे राहते. हाच फरक निर्णायक ठरला.

नागपुरात २०१७ साली विद्युत् टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा चालकांची तक्रार प्रभारण केंद्रांवरील रांगांची होती. तार काढून टाकल्याने ती दूर झाली नसती, कारण वेळ शक्तीवर अवलंबून असतो. मात्र ई-रिक्षेचे पाहा. थांब्यावरील वीस मिनिटांत या प्रभारकाने जेमतेम अर्धे युनिट भरेल. पण दिवसातून आठ खेपांना ती तेथेच विसावत असेल, तर पावणेचार युनिटांच्या आसपास, म्हणजे तीन तासांच्या सलग प्रभारणाच्या जवळपास, शक्ती तिला वेगळी रांग न लावता मिळते. शिवाय नागपूरच्या पावसाळ्यात ओल्या खटक्याला हात लावावा लागत नाही.