चिपने शिल्लक ठेवलेले काम

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा घरगुती व्हिडिओ गेमचा संच १९८३ मध्ये जपानच्या बाजारात आला. त्याच्या पोटातल्या रिको कंपनीच्या चिपला एका वेळी पाच आवाज काढता येत. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांचा, तोही अगदी ओबडधोबड. चौकोनी लहरींना आवाज कमी-जास्त करायला सोळा पायऱ्या होत्या. त्रिकोणी लहरीला ती सोयच नव्हती. ती एक तर वाजे, नाहीतर गप्प बसे. सगळे मिळून बाहेर पडे ते मोनो, म्हणजे डावे-उजवे हा प्रकारच नाही. कोजी कोन्दो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत रचले ते एवढ्या सामग्रीवर. नव्वदच्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला महाराष्ट्रातही अनेक घरांत टीव्हीला जोडल्या गेल्या, त्यामुळे ते सूर मराठी कानांना परके नाहीत. आज तीच धून कोणी आपल्या खोलीत गिटार, बास आणि ड्रम घेऊन मुद्रित करतो, म्हणजे तिचे कव्हर करतो, तेव्हा कौतुक वाट्याला येते ते वादकाच्या बोटांच्या. माझे मत वेगळे आहे. गेम संगीताच्या कव्हरमधले सर्वांत नवे आणि सर्वांत अवघड काम मिक्सिंगचे, म्हणजे सगळ्या आवाजांचा एकमेकांशी तोल साधण्याचे असते, आणि या छंदाचा इतिहास म्हणजे हौशी माणसांनी घरबसल्या मिक्सिंग शिकल्याचा इतिहास आहे.

याचे कारण मूळ संगीताच्या घडणीत आहे. चित्रपटातले एखादे गाणे मुद्रित होते तेव्हा माइक असतो, खोली असते, ध्वनिमुद्रक कन्सोलवर बसून कोणाला पुढे आणायचे, कोणाला मागे सारायचे ते ठरवतो. कव्हर करणाऱ्यासमोर त्या निर्णयांचा नमुना तयार असतो. चिपच्या संगीतात ही पायरीच नव्हती. कोणता सूर किती मोठा, हे संगीतकार आकड्यांत लिहून ठेवी आणि चिप तेवढे पाळी. त्रिकोणी लहर बहुधा खर्जाला, म्हणजे बासच्या जागी वापरत. आता तिच्या जागी खरा बास गिटार आणा. एक सूर जोरात लागतो, दुसरा दबतो, तार बोटाखाली घसरते. मुळातला तो एकसुरी, अढळ खर्ज ठेवायचा, तर कॉम्प्रेसरने बास दाबून सपाट करावा लागतो. बोटांची हालचाल ऐकू यायला हवी असेल, तर तो मोकळा सोडावा लागतो. मूळ रचनेत याचे उत्तर शोधून सापडत नाही, कारण तिथे हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता.

१९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये परिस्थिती सुधारली, तरी उत्तर मिळाले नाही. त्याची ध्वनी चिप सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवली. आठ आवाज, प्रत्येकाला डावी-उजवी पातळी, आणि प्रतिध्वनीची सोय. पण आवाजाच्या सगळ्या सामानाला मिळून स्मृती ६४ किलोबाइट, आणि प्रतिध्वनी त्यातूनच जागा खाई. दर १६ मिलिसेकंदांना २ किलोबाइट. जास्तीत जास्त २४० मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी घेतला, तर ३० किलोबाइट गेले, जवळजवळ निम्मा संसार. उरलेल्या जागेत बासरी, व्हायोलिन, ढोल सगळे बसवायचे. शिवाय एखाद्या आवाजाला प्रतिध्वनी द्यायचा की नाही एवढेच ठरवता येई. थोडा द्यावा, जास्त द्यावा ही मुभा नव्हती. घरच्या संगणकावर प्रतिध्वनी फुकट आहे. म्हणूनच नवशिक्या कव्हरमध्ये तो पाण्यासारखा वाहतो आणि सगळी धून धुक्यात बुडते. मूळ संगीतकाराला जे टंचाईने शिकवले, ते घरी बसलेल्याला कानाने शिकावे लागते.

तरी हा छंद घरातून सुरू झाला नाही. हारुओमी होसोनो यांनी १९८४ मध्ये नामकोच्या खेळांच्या आवाजांची तबकडी काढली, कोइची सुगियामा यांचे ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीत १९८७ मध्ये टोकियोत वाद्यवृंदाने वाजवले, पुढे सेगासारख्या कंपन्यांनी स्वतःचे बँड उभे केले. हे सगळे व्यावसायिक स्टुडिओंतले काम. खरे तर घरी मुद्रण करण्याचे साधन तेव्हाही होते. टास्कॅमचे पोर्टास्टुडिओ १९७९ सालीच आले होते, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक देणारे. तरीही घरगुती कव्हरला बहर यायला पुढची वीस वर्षे जावी लागली. मला यातला निर्णायक बदल वेगळाच वाटतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या यंत्रांचे संगीत जसेच्या तसे काढून संगणकावर वाजवता येऊ लागले, आणि वाजवताना एकेक चॅनेल बंद करून बाकीचे ऐकता येऊ लागले. रफींच्या किंवा बीटल्सच्या गाण्याचे सुटे ट्रॅक तेव्हा सामान्य माणसाच्या हाती लागत नसत. गेम संगीताचे सुटे आवाज मात्र शाळकरी मुलालाही मिळाले. १९९९ मध्ये डेव्हिड लॉइड यांनी ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे परीक्षक प्रत्येक रचना ऐकून स्वीकारत किंवा नाकारत, आणि नकाराची कारणे उघड मांडत. सूर बरोबर आहेत पण मिक्स गढूळ आहे, एवढ्यावरून रचना परत येऊ शकते, हे हजारो हौशी संगीतकारांना तिथे कळले.

गढूळपणाचे मूळही समजून घेण्यासारखे आहे. गेम संगीताची कव्हर एवढ्या मोठ्या प्रमाणात हेवी मेटलकडे का झुकली? विकृत केलेल्या गिटारच्या लहरीचे शेंडे कापले जातात आणि ती चौकोनी लहरीच्या जवळ जाते. कानाला नाते लगेच पटते. पण चौकोनी लहर एका वेळी एकच सूर धरते, गिटारवरची तार-जोडी मात्र खालच्या मध्यम पट्ट्यापासून वरपर्यंत पसरते, आणि बास, ड्रम, मुख्य धून सगळ्यांना झाकोळते. त्यावर इलाज असा निघाला: ठेक्याचा गिटार दोनदा वाजवायचा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, आणि मधली जागा धुनेला, बासला नि ड्रमला मोकळी ठेवायची. गायकामागे पेटीवाला दोन सुरांमधली जागा भरतो आणि गायक गाऊ लागला की हात आवरतो. तोच विवेक इथे फेडर आणि इक्वलायझरने पाळावा लागतो. मोनो यंत्रातून निघालेल्या धुनेला घरगुती कव्हरमध्ये डावे-उजवे मिळाले ते अशा निर्णयांतून.

यावर कोणी म्हणेल की हे सारे स्वस्त तंत्रज्ञानाचे श्रेय आहे. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट मिळाले, रीपर २००६ मध्ये आले, झाले. साधन लागते, हे खरे. पण पोर्टास्टुडिओची वीस वर्षे सांगतात की नुसत्या साधनाने कान तयार होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूळ ध्वनी हाच त्या संगीताचा आत्मा, त्यावर मिक्सिंगची रंगरंगोटी कशाला? पण मूळ म्हणजे कोणते? ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या १९८९ च्या खेळाच्या जपानी कार्ट्रिजमध्ये जादा चिप होती, तिने आणखी तीन आवाज दिले. हाच खेळ ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून अमेरिकेत गेला तेव्हा ते तिन्ही आवाज गळाले आणि तीच धून पाच चॅनेलांत बसवावी लागली. दोन्ही मूळच आहेत. यंत्र बदलले की वाटणी बदलायची, हे संगीतकारांच्या स्वतःच्या घरातले काम आहे. कव्हर करणारा तेच पुढे नेतो. प्लेस्टेशनसारख्या यंत्रांच्या सीडीवर मात्र अनेक खेळांत तयार मिक्स मिळू लागला, आणि तिथपासून माझा मुद्दा दुबळा पडतो, हे मान्य केले पाहिजे.

मास्टरिंगची, म्हणजे तयार मिक्सवर फिरणाऱ्या शेवटच्या हाताची, कथा लहान आहे. ध्वनिमुद्रिकांच्या काळात सुई खाचेतून उडू नये म्हणून खर्ज आवरणे, हे मास्टरिंगचे एक महत्त्वाचे काम होते. फॅमिकॉमच्या संगीताचे मास्टरिंग म्हणजे टीव्हीचा लहानसा स्पीकर. त्यातून जे ऐकू येत नसे, ते लिहिण्यात अर्थ नव्हता. शिवाय ही धून संपत नसे, फिरून फिरून येई. तिला शेवट देणे हेही कव्हर करणाऱ्याच्याच गळ्यात पडले. एमपीथ्रीच्या काळात घरगुती मिक्सर शेजाऱ्यापेक्षा मोठे वाजण्याच्या चढाओढीत सापडले आणि ड्रमचा ठोका चिरडून गेला. आता स्पॉटिफायसारख्या सेवा सर्वांना साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचे एकक) या एकाच पातळीवर आणून ठेवतात, त्यामुळे चिरडून काही हाती लागत नाही. घरून काम करणाऱ्यांच्या पथ्यावर पडलेला हा फार चांगला बदल आहे.

एप्रिल २०२२ मध्ये १९९६ च्या ‘कर्बी सुपर स्टार’मधल्या ‘मेटा नाइट्स रिव्हेंज’ या धुनेच्या ‘द एट-बिट बिग बँड’ने वाजवलेल्या रूपाला ग्रॅमी मिळाले. पुरस्कार संगीत संयोजनाचा होता, म्हणून तो चार्ली रोझन आणि जेक सिल्व्हरमन या संयोजकांना दिला गेला. त्या विभागात मिक्सिंग करणाऱ्याला जागा नाही. गेम संगीताचे एखादे कव्हर आवडले, तर निदान आपण तरी खाली श्रेयनामावलीत मिक्सिंग कोणी केले ते वाचावे, आणि ते नाव लक्षात ठेवावे.