बेंगळुरूची चकती आणि घरातला पडदा

दूरचित्रवाणी संच घ्यायला दुकानात गेलेल्या कुटुंबापुढे आज अक्षरांची रांगच उभी राहते : एलसीडी, एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी. नावे अनेक असली, तरी त्यांच्यामागचा भौतिकीचा प्रश्न एकच आहे. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, की मागून येणारा प्रकाश केवळ सोडतो आणि अडवतो? सपाट पडद्याचा इतिहास हा या दोन मार्गांच्या स्पर्धेचा इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचे पान बेंगळुरूमध्ये लिहिले गेले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही.

पहिला मार्ग प्लाझ्माचा. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी प्लाझ्मा पडदा तयार केला. त्यांना घरातील करमणुकीसाठी नव्हे, तर संगणकाद्वारे शिक्षण देणाऱ्या ‘प्लेटो’ या प्रणालीसाठी पडदा हवा होता. पुढे रंगीत दूरचित्रवाणीसाठी याच तत्त्वाचा विस्तार झाला. दोन काचांच्या मध्ये लाखो सूक्ष्म कप्पे आणि त्यांत निऑन व झेनॉन वायू. विजेच्या दाबाने वायूचे आयनीभवन होऊन अतिनील किरण बाहेर पडतात आणि ते कप्प्याच्या भिंतीवरील फॉस्फरचा लेप उजळवतात. प्रत्येक कप्पा म्हणजे जणू एक चिमुकली ट्यूबलाइट. त्यामुळे काळा रंग गडद दिसे, वेगवान दृश्ये पुसट होत नसत आणि खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून चित्र सारखेच दिसे.

दुसरा मार्ग द्रवस्फटिकांचा. १८८८ मध्ये प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ दोनदा ‘वितळताना’ दिसला : १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता. पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळत होते. ही अवस्था सुमारे ऐंशी वर्षे मुख्यतः प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहिली. १९६८ मध्ये आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकाचा पडदा जाहीर केला. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट व वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी, तर अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी पीळ दिलेल्या द्रवस्फटिकाची रचना मांडली. तीत ध्रुवीकृत प्रकाश ९० अंशांनी वळून पुढच्या ध्रुवकातून पार होतो. वीजदाब दिला की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. ही झडप अत्यल्प विजेवर चालते. म्हणूनच ती आधी घड्याळांत आणि गणकयंत्रांत शिरली.

या झडपेत मात्र दोन दोष होते. मागचा दिवा सतत जळत असल्याने काळ्या दृश्यातही थोडा प्रकाश झिरपे. आणि बाजूने पाहिल्यास रंग विटत, कधी चित्र उलटे उजळल्यासारखे दिसे. कांडीसारखे रेणू समोरून आणि तिरकस पाहणाऱ्याच्या प्रकाशावर वेगवेगळा परिणाम करतात, हे त्याचे कारण.

इथे भारताचा संबंध येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी नागपूर विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली. म्हैसूर विद्यापीठात अध्यापन केल्यावर १९७१ मध्ये त्यांनी बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. द्रवस्फटिक अवस्था कांडीसारख्या लांबट रेणूंनाच साधते, असा तोवरचा समज होता. १९७७ मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात वेगळाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. बेंझिनच्या कड्याभोवती सहा लांब साखळ्या जोडल्या की रेणू चकतीसारखा होतो; आणि अशा चकत्याही नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचून द्रवस्फटिक बनवतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी ही रचना दाखवून दिली. द्रवस्फटिकांचे एक नवे कुळच त्यातून जन्माला आले.

सुमारे वीस वर्षांनी या कुळाला व्यवहारात काम मिळाले. १९९० च्या दशकाच्या मध्यात जपानच्या फुजी कंपनीने चकतीसारख्या, पण रासायनिकदृष्ट्या वेगळ्या रेणूंचा पातळ थर असलेली फिल्म बाजारात आणली. कांड्यांमुळे तिरकस प्रकाशात कलेचा जो फरक पडतो, त्याच्या नेमका उलट फरक चकत्या निर्माण करतात. दोहोंची बेरीज शून्याजवळ येते आणि बाजूने पाहणाऱ्यालाही काळा भाग काळा दिसतो. संगणकाच्या मॉनिटरमध्ये ही फिल्म मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यांसाठी कंपन्यांनी रेणूंची मांडणीच बदलणारे आयपीएस आणि व्हीए हे मार्ग निवडले.

दोष असे एकेक करून आवरत गेले आणि स्पर्धेचे पारडे फिरले. प्लाझ्माचे कप्पे एका मर्यादेपलीकडे लहान करणे अवघड होते. त्याला वीज अधिक लागे, तो तापे, जड असे. शिवाय वाहिनीच्या बोधचिन्हासारखी स्थिर आकृती दीर्घकाळ राहिली, तर तिचा डाग पडद्यावर उरे. झगझगीत दिव्यांच्या दुकानात एलसीडी अधिक तेजस्वी दिसे; अंधाऱ्या खोलीतील प्लाझ्माचे सौंदर्य तिथे कोणाला दिसणार? पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पडद्यांचे उत्पादन थांबवले आणि वर्षभरात इतर मोठ्या कंपन्यांनीही तोच निर्णय घेतला.

स्वतः उजळणाऱ्या बिंदूची कल्पना मात्र संपली नाही. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरांपासून कमी वीजदाबावर प्रकाश देणारा डायोड बनवला होता. आजचा ओएलईडी त्याचाच वंशज आहे. त्यात विझलेला बिंदू खरोखर काळा असतो. मात्र स्थिर चित्राचा डाग पडण्याचा धोका इथेही राहतो.

आता दुकानातील अक्षरे उलगडतात. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे मागे एलईडीचे दिवे असलेला एलसीडीच. ‘क्यूएलईडी’ हाही सहसा एलसीडीच असतो. त्यात क्वांटम बिंदू रंग अधिक शुद्ध करतात. या बिंदूंच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. ‘मिनी एलईडी’मध्ये मागचे दिवे गटागटाने मंद करता येतात, म्हणून काळा रंग सुधारतो. भर दुपारी उजेड असलेल्या दिवाणखान्यात, दिवसभर बातम्यांच्या पट्ट्या चालू राहणाऱ्या घरात एलसीडीची घराणी सोयीची ठरतात. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यांना, बाजूच्या खुर्च्यांवरही प्रेक्षक असणाऱ्यांना ओएलईडीचे मोल कळते. सर्वोत्तम पडदा असा कोणता नसतो. आपल्या खोलीला कोणता दोष कमी जाचेल, एवढेच पाहायचे असते.

देशापुढची निवड अधिक कठीण आहे. चंद्रशेखर यांनी १९९१ मध्ये बेंगळुरूला द्रवस्फटिक संशोधन केंद्र स्थापले. ते आज नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र म्हणून कार्यरत आहे. चकतीचा शोध इथला, नियतकालिक इथले. पण त्या कुळाची फिल्म घडली जपानच्या कारखान्यात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ७६,००० कोटी रुपयांच्या कार्यक्रमात अर्धसंवाहकांबरोबर डिस्प्ले निर्मितीचाही समावेश आहे. कारखान्यासाठी पैसा लागतो, हे खरेच. पण प्रयोगशाळेतील रेणू ओळखून त्याची फिल्म करणारा अभियंता, आणि त्या फिल्मची वाट पाहणारा उद्योग, हे दोन्ही जवळपास असावे लागतात. १९७७ मध्ये ते नव्हते. पुढच्या चकतीच्या वेळी ते असतील का, यावर या कार्यक्रमाचे खरे यश मोजले जाईल.