पंधराच्या बारा झाल्या त्याची गोष्ट

आज एका आकड्याविषयी बोलायचं आहे. पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जागतिक विजेतेपदाची लढत आज बारा फेऱ्यांची असते. १९८२ पर्यंत ती पंधरा फेऱ्यांची होती. या तीन फेऱ्या कशा गेल्या, आणि त्या गेल्याने माणसं वाचली का, एवढाच आजचा प्रश्न. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, हातमोजे कधी चढवले नाहीत. तेव्हा तुमचं इथे काय काम, असं कुणी विचारेल. कारण आणि कार्य यांची गल्लत कशी होते हे दाखवणारं इतकं ठसठशीत उदाहरण आम्हाला दुसरं सापडलं नाही, म्हणून.

आपल्याकडे निकाली कुस्ती म्हणतात ना, घड्याळ नाही, गुण नाहीत, पाठ लागेपर्यंत लढायचं, जुनं मुष्टियुद्ध तसंच होतं. उघड्या मुठींच्या जमान्यात माणूस खाली पडला की फेरी संपली. १८८९ साली मिसिसिपीत जॉन सलिव्हन आणि जेक किल्रेन अशा ७५ फेऱ्या लढले. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणले, फेरी तीन मिनिटांची केली, मध्ये एक मिनिट विश्रांती दिली. पण एकूण फेऱ्या किती, ते मोकळंच राहिलं. मग काय व्हायचं? १८९३ साली न्यू ऑर्लीन्सला अँडी बोवेन आणि जॅक बर्क ११० फेऱ्या लढले, सात तासांहून जास्त, आणि निकाल लागलाच नाही. हा बोवेन त्यातून जगला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका लढतीत अठराव्या फेरीत तो पडला, डोकं लाकडी जमिनीवर आपटलं, आणि तो गेला. एकशे दहा फेऱ्यांत वाचलेला माणूस अठराव्या फेरीत गेला. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९२० साली न्यूयॉर्क राज्याने वॉकर कायदा केला आणि पंधरा फेऱ्यांची मर्यादा घातली. तीच पुढे जगन्मान्य झाली.

आता १३ नोव्हेंबर १९८२. लास व्हेगासचा सीझर्स पॅलेस, उघड्यावर उभारलेलं रिंग, अमेरिकेतल्या घराघरांत टीव्हीवर थेट प्रक्षेपण. लाइटवेट गटाचा विजेता रे मॅन्सिनी, वय २१, आणि समोर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू. वजन गटात बसवण्यासाठी किमने आधी शरीर फार आटवलं होतं. पहिल्या काही फेऱ्या बरोबरीच्या झाल्या, मग किम मागे पडत गेला, पण मागे हटेना. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीलाच मॅन्सिनीचा उजवा ठोसा बसला. किम दोरीला धरून कसाबसा उठला, पंच रिचर्ड ग्रीन यांनी लढत थांबवली. काही मिनिटांत तो बेशुद्ध झाला. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण चार-पाच दिवसांत तो गेला. पुढच्या वर्षभरात त्याच्या आईने आणि पंच ग्रीन यांनीही आपलं जीवन संपवलं.

महिन्याभरात, डिसेंबर १९८२ मध्ये, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने आपल्या लढती बारा फेऱ्यांच्या केल्या. गंमत म्हणा की विपर्यास म्हणा, किम ज्या पट्ट्यासाठी लढत होता तो या संस्थेचा नव्हताच. तो वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा, आणि त्यांना बारावर यायला १९८७ उजाडलं.

आता आमच्या विषयाकडे येऊ. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, म्हणजे काकतालीय न्याय. किम चौदाव्या फेरीत पडला, म्हणून तेरावी-चौदावी-पंधरावी या घातक फेऱ्या. बरोबर? पण १९६२ साली एमिल ग्रिफिथसमोर बेनी पॅरेट बाराव्या फेरीत कोसळला आणि नंतर मरण पावला. १९६३ साली डेव्ही मूर दहा फेऱ्यांनंतर. आणि आपला बोवेन आहेच. किमवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचंही मत एकाच जबरदस्त ठोशाकडे बोट दाखवणारं होतं.

मग आकडा निरर्थक होता का? तसंही आम्ही म्हणणार नाही. तो एक ठोसा बसतो कधी? हात खाली आलेले असतात, मान थकलेली असते, तेव्हा. दमलेल्या माणसाला ठोसा येताना दिसतो, पण चुकवता येत नाही. तीन फेऱ्या कापल्या म्हणजे अशी नऊ मिनिटं कापली. हा फायदा खरा आहे. फक्त त्याची किंमतही होती. १९४१ मध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर जो लुईच्या पुढे होता आणि तेराव्या फेरीत बाद झाला. १९५२ मध्ये मार्सियानोने वॉलकॉटला तेराव्याच फेरीत लोळवलं, तोही गुणांवर मागे असताना. बारा फेऱ्या असत्या तर इतिहासातली नावंच बदलली असती. म्हणून जुने शौकीन अजून हळहळतात. आम्हाला ती हळहळ कळते, पण पटत नाही. आणखी एक. १९८७ मध्ये हॅगलरशी लढताना लेनर्डने बारा फेऱ्यांची अटच घातली होती. सुरक्षेचा आकडा सौद्यातही वापरता येतो!

आमच्या मते खरा प्रश्न 'किती फेऱ्या' यापेक्षा 'थांब कुणी म्हणायचं' हा आहे. लढणारा म्हणणार नाही, त्याला तसंच घडवलेलं असतं. १९७५ साली मनिलात अली-फ्रेझर लढतीत चौदा फेऱ्या झाल्या होत्या. फ्रेझरचे डोळे सुजून जवळपास मिटले होते, तरी तो उठायला तयार. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीला उठूच दिलं नाही. एक विजेतेपद गेलं, माणूस घरी गेला. अर्थात हेही नेहमी पुरत नाही. २०१९ मध्ये मॅक्सिम दादाशेव्हच्या प्रशिक्षकाने अकराव्या फेरीनंतर विनवण्या करून लढत थांबवली, तरी तो मुलगा काही दिवसांत गेला.

म्हणून शेवटची गोष्ट रिंगच्या बाहेरची आहे. २१ सप्टेंबर १९९१, लंडनमध्ये क्रिस युबँक विरुद्ध मायकल वॉटसन. लढत बाराच फेऱ्यांची. अकराव्या फेरीत वॉटसनने युबँकला पाडलं आणि त्याच फेरीच्या शेवटी स्वतः घाव खाल्ला. बाराव्या फेरीत लढत थांबली. वॉटसन कोसळला तेव्हा श्वास सांभाळण्याची तातडीची सोय रिंगपाशी नव्हती. आधी ज्या रुग्णालयात नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती, मग दुसरीकडे. मेंदूत रक्त साठत असताना प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, आणि ती मिनिटं फेऱ्यांच्या हिशेबात कुठेच धरलेली नव्हती. वॉटसन चाळीस दिवस बेशुद्ध होता. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला, आणि २००० साली अपील न्यायालयानेही बोर्डाला जबाबदार धरलं. लढतीला परवानगी देणाऱ्या संस्थेने वैद्यकीय मदतीची सोयही पाहिली पाहिजे, हे त्यातून कायद्याने ठरलं. १९९५ मध्ये लंडनलाच जेराल्ड मॅक्लेलन दहाव्या फेरीत कोसळला, तेव्हा डॉक्टर रिंगपाशी हजर होते. तो वाचला, पण अपंग होऊन.

वॉटसनला डॉक्टरांनी पुन्हा चालता येणार नाही असं सांगितलं होतं. २००३ साली तो लंडन मॅरेथॉन चालला. दिवसाला थोडं थोडं, असे सहा दिवस लागले. शेवटच्या टप्प्यात त्याच्या बाजूने क्रिस युबँक चालत होता.