कुठल्या अंगाला सापडलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

उन्हाळ्यात कधी भोरकडे आलात, तर भाटघर धरणाच्या काठाकाठाने एक फेरफटका जरूर मारा. हे धरण 1928 मध्ये पुरं झालं. त्याच्या पाण्यात वेळवंडी नदीच्या काठची घरं, शेतं, देवळं गेली. मे महिन्यात पाणी खूप खाली उतरलं की त्यातलं थोडंफार वर येतं. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. देवळाचं ठीक आहे, त्याला नाव आहे, दर्शनाला माणसं येतात. पण गाळात ठिकठिकाणी नुसत्या जोत्यांच्या ओळी दिसतात, घरांच्या. ती घरं कुणाची, हे सांगणारी माणसं आता उरलेली नाहीत.

1985 साली ती होती. मी तेव्हा सतरा वर्षांचा. मी आणि माझा एक मित्र पुण्याला जाऊन ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ बघून आलो होतो. स्टीव्हन स्पीलबर्गचा हा चित्रपट 1981 चा. आमच्यापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागला. त्यातला नायक इंडियाना जोन्स पुरातत्त्वाचा प्राध्यापक. डोक्यावर हॅट, कमरेला चाबूक. सुरुवातीलाच तो पेरू देशातल्या जंगलात एका पुराण्या देवळात शिरतो, चौथऱ्यावरची सोन्याची मूर्ती उचलतो, तिच्या जागी वाळूची पिशवी ठेवतो आणि त्याच्या मागे सगळं देऊळ कोसळायला लागतं. थिएटरात आम्ही शिट्ट्या मारल्या. देऊळ गेलं, याचं कुणालाच काही वाटलं नाही.

त्याच मे महिन्यात आम्ही दोघं टिकाव आणि घमेलं घेऊन धरणाच्या पोटात उतरलो. एका जोत्याच्या कोपऱ्यात वीतभर, दोन वीत खणलं असेल, तेवढ्यात टिकाव कशावर तरी बसला आणि ‘खळ्ळ’ असा आवाज झाला. मातीचं गाडगं होतं. आत तांब्याची नऊ नाणी, थोडे काचेचे मणी आणि काळी पडलेली राख की धान्य, कोण जाणे. खापरं आम्ही भिरकावली. मणी मित्राच्या बहिणीला दिले. नाणी अम्मीने चिंच लावून अशी लख्ख घासली, की ‘श्री राजा शिव’ ही अक्षरंसुद्धा निम्मी झिजली. त्या शिवराया होत्या. आठ आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात विकल्या आणि त्या पैशांत भजी खाऊन परत आलो.

आमच्या आळीत एक आजी होत्या. धरण भरलं तेव्हा त्या लहान होत्या, त्यांचं माहेर पाण्यात गेलेलं. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि विचारलं, “आरं पोरा, कुठल्या अंगाला सापडलं ते? वढ्याच्या का देवळाच्या? दाराच्या उजव्या हाताला का चुलीपाशी?”

मला सांगता येईना. ओढा कुठला, चूल कुठली, मी बघितलंच नव्हतं. मी फक्त गाडग्याकडे बघत होतो. तोवर पाऊस लागला होता आणि पाणी चढलं होतं.

पुढे बी. ए.ला असताना उरलेलं एक नाणं मी इतिहासाच्या सरांना दाखवलं. हे सोन्याचं का नाही, असा माझा प्रश्न; त्यांचे प्रश्न निराळेच. किती खोल होतं? बरोबर काय होतं? मातीचा रंग कसा होता? खापर आहे का? शिवराया राज्याभिषेकापासून पाडल्या जात होत्या आणि इंग्रज आल्यावरही बाजारात चालत होत्या. तेव्हा नुसतं नाणं बघून ते जमिनीत कधी गेलं, हे ठरवता येत नाही. ठरवलं असतं ते त्या खापराने, राखेने, जमिनीच्या थराने. म्हणजे आम्ही जे फेकलं, त्यानेच. त्या आजींनी आणि सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता आणि दोघांपुढे मी सारखाच गप्प होतो.

हे सगळं सिनेमाच्या माथी मारून मी मोकळा होऊ इच्छित नाही. आमच्या भागात गुप्तधनाचं वेड हॉलिवूडच्या आधीपासून आहे. तोरणा वेल्ह्यातलाच. (या तालुक्याला राजगडचं नाव द्यायचं 2024 मध्ये सरकारने ठरवलं; आमच्या तोंडी अजून वेल्हंच बसलंय.) तोरण्याची डागडुजी करताना शिवाजी महाराजांना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामी लागलं, ही गोष्ट आम्ही चौथीच्या पुस्तकात वाचली. पण त्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग लोक विसरतात. धन मजुरांनी लपवलं नाही, राजाच्या हवाली केलं, आणि ते कुणाच्या घरी न जाता गडाच्या तटबंदीत गेलं. लोकांच्या लक्षात राहते ती फक्त घागर. म्हणून तर अजून पडक्या वाड्यांत, देवळांच्या मागे, गडांच्या वाटेवर रात्रीत पडलेले खड्डे दिसतात. याची टोकं फार भयंकर आहेत. गुप्तधनासाठी नरबळी देण्यापर्यंत माणसं गेली, म्हणून तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा उल्लेख करावा लागला.

आणि सिनेमा आगीत तेल ओततोच. 2025 च्या मार्चमधली गोष्ट. ‘छावा’ चित्रपट बघून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याची शेतं लोक रात्री खणू लागले. टॉर्च, चाळण्या, मेटल डिटेक्टर घेऊन माणसं मोहरा शोधत होती. शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं. बातमी वाचून सगळे हसले. मला हसू आलं नाही.

इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या चित्रपटाबद्दल, 1984 च्या ‘टेंपल ऑफ डूम’बद्दल, आपल्याकडे बरीच ओरड झाली. सरकारने पटकथेला हरकत घेतली म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत झालं. माकडाचा मेंदू खाणारे हिंदुस्थानी दाखवले, याचा राग रास्तच आहे. पण गंमत अशी, की सगळ्या मालिकेत या एकाच चित्रपटाच्या शेवटी तो गावाचा दगड गावाला परत देतो. 1989 च्या तिसऱ्या चित्रपटात तर तो वर्गात मुलांना बजावतो, की पुरातत्त्वाचं बहुतेक काम ग्रंथालयात चालतं. पुढे व्हेनिसच्या ग्रंथालयात गेल्यावर हाच गृहस्थ तिथली फरशी फोडतो!

खरं उत्खनन पाहायचं तर आपल्या जिल्ह्यातलं इनामगाव घ्या. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं तिथे काम केलं. सोनं काढण्यासाठी नव्हे. चौकोन आखायचे, खुरप्याने आणि ब्रशने बोटबोट माती काढायची, चाळायची, प्रत्येक थराचा रंग लिहायचा, प्रत्येक खापराची पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. कारण खणणं म्हणजे एका अर्थाने नासधूसच. एक थर एकदाच वाचता येतो, वाचला की तो संपला. म्हणून जाणते लोक जागेचा काही भाग मुद्दाम न खणता ठेवतात. उद्या येणाऱ्यांकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील म्हणून.

या चिकाटीतून काय मिळालं? तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. तिथे घराच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली होती, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. धान्याचं कोठार गावच्या प्रमुखाच्या घराशेजारी. यातलं काहीही चोरबाजारात विकून चार पैसे आले नसते. पण ते रांजण कुठल्या घरात, कुठल्या थरात होते, हे लिहून ठेवलं म्हणून त्या आईबापांनी आपलं मूल घराबाहेर जाऊ दिलं नाही, एवढं आज आपल्याला कळतं. आमच्याकडे कबरीवर एकदा माती पडली की तिला पुन्हा हात लावत नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा हे वाचताना मी जरा चरकलोच होतो. पण ज्या निगुतीने ती हाडं नोंदली गेली, ते बघून मन निवलं. 1988 मध्ये निघालेल्या त्या अहवालावर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी अशी तीन नावं आहेत. तिसरं नाव वाचून मला जो आनंद झाला, तो लपवत नाही.

उलट उदाहरण दायमाबादचं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. 1974 मध्ये झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला तांब्याच्या धातूची चार शिल्पं मिळाली. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळं मिळून साठ किलोंहून अधिक वजन. आपल्या देशातल्या अपूर्व ठेव्यांपैकी हा एक. त्या माणसाची काही चूक नाही, तो मूळ खणत होता. पण शिल्पं थरातून निसटली ती निसटलीच. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी त्यांच्या वयाचा वाद मिटला नाही. कुणी ती उत्तर हडप्पा काळात नेऊन बसवतो, तर कुणी धातूतल्या अर्सेनिकवर बोट ठेवून शंका काढतो. एवढे मोठे विद्वान, आणि अडले कुठे? सापडलं त्या जागी!

कायदाही सांगायला हवा, कारण तेव्हा आम्हाला तो ठाऊक नव्हता. 1878 पासून असा नियम आहे, की जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. आम्ही भजी खाल्ली.

त्या आजी 1990 च्या आसपास गेल्या. दाराच्या उजव्या हाताला त्यांच्या आईने काही पुरलं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. एक शिवराई माझ्याकडे आहे, कागदाच्या पाकिटात. पाकिटावर मी लिहिलंय, ‘भाटघर, मे 1985’. त्याच्या खालच्या दोन ओळी कोऱ्या आहेत.