मोहरीचा उतार आणि ब्रेकचं रबर

खर्ड्याच्या माणसाला उतार म्हटलं की मोहरीचा घाट आठवतो. १७९५ च्या मार्चमध्ये निजाम अली आपला अवजड लवाजमा घेऊन हा घाट उतरला, परांड्याकडे निघाला आणि ११ मार्चला मराठ्यांनी त्याला गाठलं. शेवटी त्याला आमच्याच गावच्या किल्ल्यात, १७४३ साली निंबाळकरांनी बांधलेल्या भिंतींआड, आसरा घ्यावा लागला. शाळेत हे शिकताना मुलांना तलवारी दिसायच्या, मला तोफगाडे दिसायचे. भरला गाडा घाटातून खाली आणताना ओढण्यापेक्षा रोखणं अवघड, हे मी सायकलच्या दुकानात वाढल्यामुळे लहानपणीच शिकलो होतो.

दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. तासावर भाड्याने द्यायच्या सहा सायकली, पंक्चरची परात, हवेचा पंप. सायकली काळ्या, बावीस इंची, सळीच्या ब्रेकच्या. मूठ दाबली की सळ्या ओढल्या जात आणि रबराचे दोन गट्टू रिमला आतल्या बाजूने, खालून वर चिकटत. रिम लोखंडी, वर चकाकणारा मुलामा. कोरड्या दिवसांत काम भागायचं. पावसात मात्र ओल्या रिमवरून रबर नुसतं सरकायचं आणि गडी पायातली चप्पल जमिनीवर घासत थांबायचा. इंग्लंडात बोडेनने तारेच्या ब्रेकला उपयोगी पडलेल्या केबलचं पेटंट १८९६ सालीच घेतलं होतं. पण सळी तुटत नाही आणि कुठलाही लोहार ती सरळ करून देतो, म्हणून गावोगावच्या वजनदार सायकलींवर ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. मला त्यात मागासलेपण दिसत नाही. जिथे सुटे भाग मिळायला तालुक्याला जावं लागतं, तिथे ते शहाणपणच होतं.

अण्णांचा एक नियम होता. भाड्याची सायकल देताना आधी दोन्ही मुठी स्वतः दाबायच्या, सायकल पुढे ढकलून बघायची, मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. ‘पंक्चर झालं तर माणूस चालत येतो, ब्रेक गेला तर उचलून आणावा लागतो,’ असं ते म्हणत. एका आषाढात माझा थोरला भाऊ घरचीच सायकल न बघता घेऊन गेला. मागे दुधाच्या दोन किटल्या. सळीचा नट ढिला होऊन कुठेतरी पडला होता. उतारावर त्याने मूठ दाबली ती तशीच हँडलला जाऊन टेकली. खांदा निखळला आणि हात पुन्हा कधी पुरता वर गेला नाही. त्यानंतर अण्णांनी घरच्या सायकलीलाही तोच नियम लावला, आणि मी तो आजतागायत पाळतो.

आता दुकानात बॅटरीच्या सायकली येतात. मोटार २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या खाली आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत असेल, तर कायदा तिला मोटारवाहन मानत नाही. पण त्याच नियमात ब्रेक योग्य हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा, अशीही अट आहे. ती फारसं कोणी वाचत नाही. साध्या सायकलीवर दमलेला माणूस आपोआप सावकाश जातो, मोटार दमत नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, शिवाय मोटार आणि बॅटरीचं ओझं असतंच.

या सायकलींनी आमच्या हाताच्या जुन्या सवयी मोडल्या. आम्ही प्रत्येक सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करायचो. तेलाच्या ब्रेकची सायकल तशी ठेवली तर नळीत हवा शिरून मूठ पोकळ लागू शकते. ओव्हरऑइल करताना चौफेर तेल सोडायचो. डिस्कच्या तबकडीवर तेलाचा थेंब पडला की पॅड वाया, म्हणून तिला बोटसुद्धा लावू नये. नवे पॅड घातले की लगेच घाटात नेऊ नये. सपाट रस्त्यावर वीसेक वेळा हळूहळू थांबवून ते बसू द्यावेत. उतारावर ब्रेक एकसारखा धरून ठेवू नये, दोन्ही मुठी मिळून दाबाव्यात, सोडाव्यात. खाली आल्यावर तबकडी चटका देण्याइतकी तापलेली असते.

सगळ्यात महत्त्वाची मुठीतून निघणारी ती बारीक वायर. पुष्कळ सायकलींत ब्रेक दाबताच ती मोटारीची वीज तोडते. ती तुटली तर ब्रेक अडवतोय आणि मोटार ढकलतेय, अशी ओढाताण होते.

परवा एक शिक्षक ‘ब्रेक जरा कमी लागतो’ म्हणत आले. पॅड चांगले होते, केबलही. मागचं चाक उचललं, थ्रॉटल दिला आणि डावी मूठ अगदी हलकी, पॅड टेकणार नाहीत इतकीच दाबली. चाक फिरतच राहिलं. मुठीजवळ वायर दुमडून आतून तुटली होती. त्यांना तास होता, घाई होती. ‘संध्याकाळी नीट करा,’ म्हणाले. मी किल्ली दिली नाही. माझी जुनी सळीच्या ब्रेकची सायकल, दोन्ही मुठी दाबून बघून, त्यांच्या हाती दिली.