वय, व्यायाम आणि सरकारी धोरण : स्टेट कॉलेजमधील मराठी कुटुंबांसाठी माहिती



व्यायामाचा विषय निघाला की "मनावर घेतलं की होतं" हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. पण माणूस दिवसभरात किती चालतो, हे घरापासून शाळेपर्यंत फुटपाथ आहे का, बसचा थांबा किती लांब आहे, बर्फ कोण काढते, यावरही अवलंबून असते. आणि या गोष्टी कायदे, अंदाजपत्रके आणि स्थानिक नियम ठरवतात. कोणत्या वयाला कोणते धोरण लागू पडते, याची माहिती आम्ही येथे एकत्र केली आहे.

आपल्यासाठी हा विषय जास्तच जिव्हाळ्याचा आहे. भारतीय वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजन असतानाही मधुमेह गाठतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या प्रौढांसाठी तपासणीची मर्यादा बीएमआय २५ ऐवजी २३ वर आणली. दिसायला सडपातळ असलो तरी आपण निर्धास्त राहू शकत नाही.

किती हालचाल हवी?

अमेरिकी सरकारने व्यायामाची पहिली अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये आणि सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये काढली. तिचा सारांश असा :

- ३ ते ५ वर्षे : दिवसभर खेळणे, बागडणे
- ६ ते १७ वर्षे : रोज ६० मिनिटे
- प्रौढ : आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम
- ६५ च्या पुढे : वरील सर्व झेपेल तसे, त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामाची भर

पूर्वी सलग दहा मिनिटांचाच व्यायाम हिशेबात धरत असत. २०१८ मध्ये ती अट निघाली. त्यामुळे बसथांब्यापर्यंतची पाच मिनिटेही आता मोजली जातात.

शाळेतली मुले

मुलांच्या तंदुरुस्तीत अमेरिकी सरकारने लक्ष घातले ते आयझेनहॉवर यांच्या काळात. अमेरिकन मुले युरोपातल्या मुलांपेक्षा चाचण्यांत मागे पडतात असे दिसल्यावर १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्षांची परिषद स्थापन झाली. पुढे अनेक वर्षे शाळांतून चालत आलेली 'प्रेसिडेन्शियल' फिटनेस चाचणी २०१२-१३ नंतर बंद झाली आणि ती परत आणण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये निघाला.

मुलींच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल घडवला तो १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्याने. सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींशी भेदभाव करायला त्याने बंदी केली. त्या वेळी देशभरातील हायस्कूलमध्ये तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या. आज तो आकडा तीस लाखांच्या वर आहे. मुली त्या आधीही खेळू शकत होत्याच, मैदान आणि प्रशिक्षक मात्र कायद्यामुळे मिळाले.

२००४ च्या केंद्रीय कायद्यानुसार सरकारी जेवण योजनेत असलेल्या प्रत्येक शाळा जिल्ह्याला 'वेलनेस पॉलिसी' करावी लागते आणि तिच्यात शारीरिक हालचालींची उद्दिष्टे असावी लागतात. पालकांनी ती मागून जरूर वाचावी.

शाळेच्या बसमागेही धोरण आहे. पेनसिल्व्हेनियात राज्याकडून बसचा खर्च मिळतो तो साधारणपणे प्राथमिक शाळेपासून दीड मैल आणि माध्यमिक शाळेपासून दोन मैल यांच्या पलीकडे राहणाऱ्या मुलांसाठी. रस्ता धोकादायक ठरला तर जवळच्या मुलांसाठीही मिळतो. म्हणजे फुटपाथ नसेल, तर अर्ध्या मैलावरचे मूलही बसमध्ये बसते. फुटपाथ बांधला, तर तेच मूल चालू लागते.

नोकरदार मंडळी

आम्हा आयटीवाल्यांचा दिवस खुर्चीत जातो. येथे 'डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या अभ्यासाची माहिती उपयोगी पडेल. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांचा हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि सात टक्के वजन कमी करणे, एवढ्यावर मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन गोळीने ३१ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांत व्यायामाचा फायदा आणखी मोठा, ७१ टक्के. भारतात झालेल्या अशाच एका अभ्यासातही (२००६) आहार-व्यायामाने प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले.

यातून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला आणि एप्रिल २०१८ पासून मेडिकेअरही त्याचा खर्च देते. आपल्या कंपनीच्या विम्यात हा कार्यक्रम येतो का, हे एचआरला विचारावे.

आजी-आजोबा

सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा पुण्यात रोज सकाळी टेकडीवर जाणारे असतात, आणि इथे जानेवारीत सोफ्यावर बसून राहतात. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ, घसरून पडण्याची भीती. यात त्यांचा आळस नसतो, बाहेर पडण्याची सोय नसते. ती सोय पुढील गोष्टींनी होऊ शकते :

- बस : पेनसिल्व्हेनियात ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना ठरावीक मार्गांच्या बस मोफत आहेत. त्याचा खर्च राज्याच्या लॉटरीतून होतो. आपल्याकडे ही सेवा 'कॅटा' देते. वयाचा पुरावा दाखवून आधी कार्ड काढावे लागते.
- उद्याने : स्टेट पार्कना प्रवेश शुल्क नाही. व्हिपल डॅम आणि ब्लॅक मोशॅनन आपल्याला जवळ. बर्फ नसताना मिलब्रुक मार्शची लाकडी पायवाट ज्येष्ठांना सोपी जाते.
- वर्ग : सेंटर रीजन पार्क्स अँड रिक्रिएशनतर्फे ज्येष्ठांसाठी कार्यक्रम होतात.
- बर्फ : बरोमध्ये घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. आपण तो वेळेवर काढला, तर शेजारच्या आजींचेही चालणे सुरू राहते.

आपला आवाज

आपल्यापैकी बरेच जण एच-१ किंवा ग्रीनकार्डवर आहेत, मतदान करू शकत नाहीत. म्हणून "आपले कोण ऐकणार?" असे वाटते. पण राज्याच्या 'सनशाइन अ‍ॅक्ट'प्रमाणे बरो कौन्सिल, टाउनशिप आणि स्कूल बोर्ड यांच्या जाहीर सभांत तेथील रहिवाशांना व करदात्यांना मत मांडण्याची संधी द्यावीच लागते. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. रहिवासी तर आपण आहोतच, आणि कर तर भरतोच!

धोरणाने रस्ता बदलतो, हे आपल्या पुण्यानेही दाखवले आहे. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ आले.

तेव्हा आपल्या रस्त्यावर फुटपाथ कुठे तुटतो, कोणत्या बसथांब्यावर बाक नाही, कुठला चौक मुलांना ओलांडता येत नाही, याची यादी करा आणि पुढच्या सभेत तीन मिनिटे बोला. चार-पाच कुटुंबे मिळून गेलात तर अधिकच चांगले. आणि हो, सभेला शक्यतो चालतच जा!