परदेशातील स्वतंत्र व्यवसाय आणि आरोग्यविम्याची निवड

मालेगावात 'पगार' या शब्दापेक्षा 'मजुरी' आणि 'धंदा' हे शब्द अधिक ऐकू येतात. मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या या शहरात लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत. परंतु त्यांवर पोट भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मालकाकडून आरोग्यविमा मिळतो. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि लहान कारखाने त्याच्या कक्षेबाहेर राहतात. आजारपणाचा खर्च स्वतःच्या गाठीचा, ही येथील जुनी सवय आहे. अशाच घरातला एखादा तरुण संगणकावर कापडाची नक्षी काढणारा, भाषांतरकार किंवा वातानुकूलन यंत्रांचा कारागीर म्हणून परदेशी जातो आणि तेथे कोणाची नोकरी न करता स्वतःच्या नावावर कामे घेऊ लागतो, तेव्हा ही सवयही त्याच्याबरोबर जाते. तेथे मात्र ती परवडणारी नसते.

अशा व्यक्तीने विमा निवडताना कोणत्या कंपनीचा हप्ता स्वस्त, या प्रश्नापासून प्रारंभ करणे चुकीचे ठरते. आपला वास्तव्याचा परवाना कोणाच्या नावाशी जोडलेला आहे, हा पहिला प्रश्न होय. बहुतेक देशांत परदेशी नागरिकाचा आरोग्यविमा हा वास्तव्य-परवान्याच्या मागोमाग चालतो. परवाना संपला की बहुधा विमाही संपतो.

आखातातील तथाकथित 'आझाद व्हिसा' हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. कागदोपत्री एका कफीलचा, म्हणजे पुरस्कर्त्याचा, नोकर आणि प्रत्यक्षात मिळेल त्याच्याकडे काम करणारा, असा हा प्रकार आहे. सौदी अरेबियात मालकाने परदेशी कर्मचाऱ्याचा आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांचा आरोग्यविमा उतरविणे कायद्याने बंधनकारक आहे आणि इकामा म्हणजे वास्तव्यपत्राचे नूतनीकरण त्याच्याशी निगडित आहे. याचा अर्थ असा, की कफीलने इकाम्याचे नूतनीकरण केले नाही तर स्वतःला स्वतंत्र समजणाऱ्या या कारागिराचा विमाही त्याच्या नकळत लोपतो. शिवाय अन्य ठिकाणी काम करणे हाच कायद्याचा भंग असल्याने तेथे झालेल्या अपघाताबाबत दाद मागताना तो स्वतःच अडचणीत येतो. गावाकडे 'आझाद' या शब्दाचे जे आकर्षण आहे, त्याला विम्याच्या दृष्टीने काहीही आधार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

संयुक्त अरब अमिरातीत परिस्थिती वेगळी आहे. तेथे स्वतंत्र व्यावसायिकाला अधिकृत परवाना मिळू शकतो. मात्र मग विमा उतरविण्याची जबाबदारी त्याचीच असते. अबुधाबीने २००५ च्या आणि दुबईने २०१३ च्या कायद्याने आरोग्यविमा सक्तीचा केला. १ जानेवारी २०२५ पासून उर्वरित अमिरातींतील खासगी क्षेत्रातील कर्मचारी आणि घरगुती कामगारांनाही ही सक्ती लागू झाली. त्यांच्यासाठी वर्षाला ३२० दिरहमांची मूलभूत योजना ठेवण्यात आली. दुबईतील किमान योजनेची वार्षिक मर्यादा दीड लाख दिरहम आहे. हा आकडा मोठा वाटतो. पण किमान योजनेत रुग्णालयांची निवड मर्यादित असते आणि खर्चाचा काही वाटा रुग्णालाच भरावा लागतो. ज्याला मधुमेह वा रक्तदाब आहे, त्याने आधीपासूनच्या आजारांसंबंधीचे कलम वाचल्याखेरीज स्वाक्षरी करू नये. सर्वांत स्वस्त विमा परवान्याची अट पूर्ण करतो, एवढेच. तो आपली गरज पूर्ण करीलच असे नाही.

प्रवासी भारतीय विमा योजनेविषयीही पुष्कळ गैरसमज आढळतात. केंद्र सरकारने २००३ मध्ये सुरू केलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या या योजनेत दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये एवढा नाममात्र हप्ता ठरविण्यात आला. अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण त्यात आहे. रुग्णालयातील उपचारांसाठीची मर्यादा मात्र एक लाख रुपये आहे. आखातातील खासगी रुग्णालयात ही रक्कम टिकून टिकून किती दिवस टिकणार? दुसरे असे, की ज्यांच्या पारपत्राला स्थलांतर-मंजुरी आवश्यक असते, त्यांच्यासाठी ही योजना सक्तीची आहे. दहावी उत्तीर्ण असलेल्याला अशी मंजुरी लागत नाही. त्यामुळे शिकलेला स्वतंत्र व्यावसायिक या सक्तीच्या बाहेर असतो आणि विमानतळावर त्याला कोणी विचारीतही नाही.

युरोपात जर्मनीची रचना समजून घेण्यासारखी आहे. तेथे आरोग्यविमा प्रत्येकाला अनिवार्य आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला सार्वजनिक आणि खासगी असे दोन मार्ग असतात. परंतु सार्वजनिक निधीत स्वेच्छेने प्रवेश करण्यासाठी पूर्वीच्या विम्याचा ठराविक कालावधी दाखवावा लागतो, जो भारतातून थेट गेलेल्याकडे बहुधा नसतो. मग खासगी विमा उरतो. तरुणपणी त्याचा हप्ता आकर्षक असतो, वयाबरोबर तो चढत जातो आणि पंचावन्न वर्षांनंतर सार्वजनिक निधीत परतण्याची वाट जवळपास बंद होते. कलावंत, लेखक, पत्रकार आणि चित्रकार यांच्यासाठी १९८३ पासून कार्यरत असलेली कलावंत सामाजिक निधीची व्यवस्था विम्याच्या वर्गणीचा सुमारे अर्धा भार उचलते. नक्षीकाम करणाऱ्याने तेथे अर्ज करून पाहावाच. संगणकप्रणाली लिहिणाऱ्याला मात्र सहसा त्यात जागा नाही.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांना साधारणतः वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य-अधिभार आगाऊ भरावा लागतो आणि त्या बदल्यात तेथील सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते. अमेरिकेत सरकारी विमाबाजारातून योजना घेणाऱ्याला जुन्या आजाराच्या कारणावरून नाकारता येत नाही. पण नोंदणी दर वर्षी १ नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या ठराविक मुदतीतच करावी लागते.

आता भारतातल्या पॉलिसीकडे वळू. येथील नेहमीच्या आरोग्यविम्याचे संरक्षण बहुधा भारतापुरतेच असते. प्रवासविमा हा सहलीसाठी असतो. तेथे राहून व्यवसाय करणाऱ्याने त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तरीही परदेशी जाताना येथील पॉलिसी बंद करण्याची जी घाई केली जाते, ती टाळावी. कारण पॉलिसीचे वय हीच तिची किंमत. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. खंड पडला की ही सारी गणना पुन्हा शून्यापासून सुरू होते. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून हटविण्यात आल्याने पॉलिसी चालू ठेवण्याचा भारही काहीसा हलका झाला आहे. परदेशी व्यवसायाचे काही खरे नसते. काम आटोपून परत येण्याची वेळ येते ती अनेकदा आजारपणामुळेच.

मागे राहिलेल्या आईवडिलांचा विमा स्वतंत्र घेणे श्रेयस्कर. एकाच कौटुंबिक पॉलिसीत घातल्यास सर्वांचा हप्ता ज्येष्ठाच्या वयावर ठरतो. येथे भूगोलाचा विचार अटळ आहे. कंपनीच्या यादीतील रुग्णालये मालेगावात आहेत की केवळ नाशिकला, हे पाहावे. नाशिक शंभर किलोमीटरांहून थोडे दूर आहे. धुळे पन्नासेक किलोमीटरांवर असून, मालेगाव तालुक्याचेच नेते भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे. पुण्या-मुंबईच्या नामांकित रुग्णालयांची लांबलचक यादी मध्यरात्री छातीत दुखू लागल्यावर उपयोगाची नाही.

सरकारी योजनाही विसरू नयेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. खासगी विमा असला तरीही ते घेता येते.

राहिला प्रश्न कागदांचा. परदेशी वास्तव्याची माहिती भारतातील विमा कंपनीला लेखी कळवावी. पॉलिसीशी जोडलेला मोबाइल क्रमांक घरातील अशा व्यक्तीचा असावा, जी नूतनीकरणाचा संदेश वाचून हप्ता वेळेत भरील. अरबी वा जर्मन भाषेतील उपचारांची कागदपत्रे मायदेशी परतताना इंग्रजी भाषांतरासह सोबत आणावीत. तिकडच्या पॉलिसीत मृतदेह मायदेशी पाठविण्याचा खर्च अंतर्भूत आहे का, हेही विचारून ठेवावे. आणि या सर्व पॉलिसींचे क्रमांक व कंपन्यांचे दूरध्वनी एका कागदावर लिहून तो मालेगावच्या घरी, शिधापत्रिकेच्या शेजारी ठेवावा.